ठिपका माशावर, औषध पाण्यात

(हौशी मत्स्यपालकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मघाशी चहा घेताना इथल्याच एका गृहस्थांनी मोबाइलवर फोटो दाखवला. गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे बारीक दाणे, दोन्ही बाजूंना. म्हणाले, "मॅडम, व्हाइट स्पॉट झालाय. तीन दिवस औषध घालतोय, एक ठिपका हलत नाही." हलणार कसा? तो रोगच नाही. नर गोल्डफिश वयात आला, विणीचा हंगाम आला, की कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पहिल्या काट्यावर असे दाणे उठतात. पोराला मिसरूड फुटलं आणि आपण त्याला हिरव्या औषधात बुडवून ठेवलं! हसू नका, हे मीही केलंय. आणि तेव्हा मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते.

आपली सगळ्यांची सवय एकच. ठिपका दिसला की दुकान, दुकानातून बाटली. मधली पायरी, म्हणजे हा ठिपका नक्की कसला आहे हे बघणं, आपण गाळतो. आज मी त्या मधल्या पायरीवरच बोलणार आहे.

आधी माशाची कातडी समजून घ्या. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, म्हणून आपण बिनधास्त भांडी घासतो. माशाचं तसं नाही. खवले हे बाहेरचं चिलखत आहे असं आपल्याला वाटतं, पण ते आतल्या थरात रुजलेले असतात. त्यांच्यावर जिवंत पेशींचं पातळ आवरण, आणि त्याच्यावर तो बुळबुळीत थर, जो मासा हातात धरला की बोटांना लागतो. मासा जाळीत खरचटला किंवा माशांच्याच घाणीतून पाण्यात अमोनिया वाढला, की पहिला मार या थरावर बसतो. त्यामुळे माझ्याकडे कुणी आजारी मासा घेऊन आलं की मी आधी पाण्याची बाटली मागते. अमोनिया आणि त्यातून बनणारं नायट्राइट तपासल्याशिवाय पुढे बोलायचंच नाही. निम्म्या वेळा 'खाज सुटलेल्या' माशाला रोग नसतो. त्याला पाणी झोंबत असतं.

आता खरा व्हाइट स्पॉट. दुकानदार 'इच' म्हणतात आणि बऱ्याच जणांना वाटतं की हा इंग्रजीतला खाजेचा शब्द. तसं नाही, ते लांबलचक शास्त्रीय नावाचं लघुरूप आहे: इक्थिऑप्थिरियस मल्टिफिलीस. 1876 साली फुके या फ्रेंच संशोधकाने ते दिलं. अर्थ काय, तर माशावरची बहुप्रसवा ऊ. ऊ हे चुकीचं, कारण हा एकपेशीय जीव आहे. पण बहुप्रसवा मात्र अगदी बरोबर. आपण आशीर्वाद देतो अष्टपुत्रा भव, ही बाई सहस्रपुत्रा आहे.

कशी ते सांगते. तुम्हाला दिसतो तो मिठाच्या कणाएवढा ठिपका म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली शिरून, माशाच्या पेशी खात गरगर फिरणारा एकच जीव. त्याच्यावर माशाच्याच कातडीचं पांघरूण आहे, त्यामुळे पाण्यातलं औषध तिथवर पोचत नाही. बाटली ओता नाहीतर बादली. पोटभर खाऊन झालं की तो मासा सोडतो, तळाच्या खडीवर किंवा वनस्पतीवर चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकड्यांनी, कधी हजारापर्यंत. मग कवच फुटतं आणि ही पिल्लं मासा शोधत पोहायला लागतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध त्यांना मारतं ते फक्त याच पोहण्याच्या वेळात.

म्हणजे तुमचं औषध ठिपक्यासाठी नाहीच, ते ठिपक्याच्या पोरांसाठी आहे! हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पंचवीस अंशांच्या आसपास हा सगळा फेरा साधारण आठवड्याभरात होतो, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतो. तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, मासा 'बरा झाला' म्हणून तुम्ही औषध थांबवता, तेव्हा ठिपके बरे झालेले नसतात. ते खाली खडीत बाळंत होत असतात. आठवड्याने टाकीभर तांदूळ फेकल्यासारखे मासे दिसतात आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या घालता की औषध बनावट होतं. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. रोज खडीतली घाण सायफनच्या नळीने ओढून काढा. अर्धी लढाई त्या नळीनेच जिंकली जाते.

हीटर वाढवून तीस अंशांपर्यंत नेतात, त्यामागचं कारणही हेच: फेरा लवकर पुरा होतो आणि त्या तापमानाला बहुतेक वेळा त्याचं विभागणंच बिघडतं. पण एकदम नाही, दोन-तीन तासांनी एकेक अंश. आणि एअर पंप जोरात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि ज्या माशाच्या कल्ल्यांतही हे जीव शिरलेत त्याला आधीच धाप लागलेली असते.

आता जिथे माझं स्वतःचं तोंड पोळलं ती गोष्ट. माझ्याकडे मॉली माशांची एक जोडी होती. एकीच्या ओठांवर पांढुरका कापूस, पाठीवर फिकट पट्टा, घोड्यावर खोगीर टाकावं तसा. मी ठरवलं, पांढरं आहे ना, मग व्हाइट स्पॉट. हीटर एकतीसवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजातून आले तर दोन्ही मॉली तळाशी. तो कॉलम्नॅरिस होता, फ्लेवोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू. त्याला ऊब फार मानवते. ज्या उपायाने एक रोग जातो, त्याच उपायाने मी दुसऱ्या रोगाला दूधभात भरवला होता. ओठांवरचा कापूस बघून लोक त्याला बुरशी म्हणतात आणि बुरशीचं औषध देतात, तेही वायाच. खरी कापशी, सॅप्रोलेग्निया, बहुधा जखमेवर किंवा मेलेल्या कातडीवर येते, तिचे धागे लांब आणि मोकळे असतात. कॉलम्नॅरिसचा कापूस आखूड, कातडीला चिकटून, कडेला पिवळसर, आणि तो तासातासाने पसरतो. त्याला प्रतिजैविक लागतं आणि ते पशुवैद्याला विचारूनच. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणाऱ्यांना एवढंच सांगते, की बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून टाकतं. पाणी पिवळं होतं, उपयोग फारसा होत नाही.

बाकीचे रोग भराभर. खोलीतला दिवा घालवून बाजूने बॅटरी मारली आणि अंगावर सोनेरी धूळ चमकली, तर तो व्हेल्व्हेट. फुलकोबीसारखी गाठ आली तर बहुधा विषाणूचा लिम्फोसिस्टिस, त्याला औषध नाही, बऱ्याचदा ती आपोआप झडते. अंगातून दोरा लोंबतोय असं दिसलं तर लर्निया, ज्याला अँकर वर्म म्हणतात, आणि जो वर्म नसून कोळंबीचा लांबचा नातेवाईक आहे.

औषध म्हणून मीठ चालतं का, असं विचारलं होतंत. चालतं, साधं खडे मीठ. लिटरला एक ते दोन ग्रॅम, एकदम नाही, दोन दिवसांत विभागून. कोरीडोरास, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मासे, आणि नाजूक वनस्पती असतील तर हात आखडता घ्या. घोळ होतो तो पाण्याच्या हिशोबात. तीन बाय एक बाय एक फुटाची टाकी कागदावर पंचाऐंशी लिटरची. त्यातून खडी वजा करा, वरची चार बोटं रिकामी जागा वजा करा, की पाणी सत्तरच्याही खाली येतं. आपण मात्र औषध 'शंभर लिटरची टाकी' म्हणून घालतो. आणि पाणी आटलं म्हणून वरून भर घालताना पुन्हा मीठ टाकू नका. पाणी उडून जातं, मीठ तिथेच असतं. औषध घालण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तुम्ही घालताय आणि तो शोषतोय.

आता शेवटचं काम. या टेबलावर मायक्रोस्कोप आहे, माझ्या भाचीकडून उसना आणलाय, ती बीएस्सीला आहे. आज सकाळी व्हाइट स्पॉट झालेल्या एका टेट्रा माशाच्या पाठीवरून ओल्या हाताने, काचेच्या कडेने, डोक्याकडून शेपटीकडे अलगद एकदाच खरवडून स्लाइड केली आहे. थेंब त्याच्याच टाकीतल्या पाण्याचा, नळाचा नाही, नळाच्या पाण्यात हे जीव बघण्याआधीच मरतात. काच कोरडी पडत चालली आहे, तेव्हा प्रश्न नंतर, आधी रांगेने या. गोल, करडा, हळूहळू स्वतःभोवती फिरणारा ठिपका शोधा, आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालासारखं केंद्रक दिसतंय का ते सांगा. काका, चष्मा काढून बघा. नाही दिसत? स्क्रू थोडा उलटा फिरवा. हां, थांबा, तिथेच.