टाकावरची काळी

(दृश्य: देवघर. कॅमेरा टाकांच्या अगदी जवळ.)

हे टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले कुलदेव. हा घोड्यावरचा खंडोबा, ही अष्टभुजा भवानी. आता जरा निरखून पाहा. खंडोबाचं नाक सपाट झालंय, घोड्याचा डोळा पुसला गेलाय. कडेच्या खोबणीतली नक्षी मात्र अजून ठसठशीत आहे. बोट जिथे सहज पोचतं, नेमकी तिथेच झीज. दर दसऱ्या-दिवाळीला चिंच, राख, रांगोळी लावून पिढ्यान् पिढ्या मनोभावे घासल्याचा हा परिणाम.

घासून काढली ती काळी म्हणजे मळ नव्हता. नुसत्या हवेतल्या ऑक्सिजनला चांदी फारशी दाद देत नाही. तिला गाठतो गंधक. गटारातून, कुजणाऱ्या पाल्यातून, सडक्या अंड्यातून जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. हवेत तो नावाला असला तरी पुरतो. सोबतीला दमट हवा असली की काम आणखी झपाट्याने होतं. चांदी आणि गंधक मिळून सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. आधी पिवळसर, मग तांबूस, जांभळट-निळा आणि शेवटी काळा. मधले रंग थराच्या जाडीमुळे दिसतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसेच.

या काळ्या थरात वजनाने 100 पैकी 87 भाग चांदीच असते. म्हणजे काळी घासून टाकली, की घरची चांदीच मोरीत जाते. एका वेळी अगदी किंचित, पण टाकाचा पत्रा तरी कुठे जाड असतो? टूथपेस्टने चकाकी येते खरी. पण तिच्यातल्या बारीक कणांनी मऊ चांदीवर चरे पडतात.

(दृश्य: स्वयंपाकघर. काचेचं पसरट भांडं, तळाशी ॲल्युमिनियम फॉइल.)

त्यापेक्षा हे करून पाहा. फॉइलवर चांदीची वाटी ठेवायची, ती फॉइलला टेकलीच पाहिजे. वरून खायचा सोडा, लिटरभर कढत पाण्याला दोन-तीन चमचे. थोडे बुडबुडे येतील आणि सडक्या अंड्याचा वास सुटेल. घाबरू नका, चांदीला धरून बसलेला गंधकच सुटतोय. सोड्यामुळे ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर निघतो, मग ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी बरीचशी जागच्या जागी राहते. बघा, काठ पांढरा झाला! थर जाड असेल तर नवी फॉइल घेऊन पुन्हा करावं लागतं. भांडं थोडं निस्तेज दिसलं, तर मऊ सुती कापड हलक्या हाताने फिरवायचं. बस.

मोती, खडे, आत लाख भरलेले दागिने किंवा मागून तांब्याचा पत्रा जोडलेले टाक मात्र या पाण्यात घालू नका. ते मऊ कापडानेच पुसावेत, नाहीतर जाणत्या सोनाराकडे न्यावेत. मुद्दाम काळपट केलेले ऑक्सिडाइज्ड दागिनेही नकोत. त्यांच्या नक्षीला उठाव देणारी काळी याच पाण्यात निघून जाते. आणि टाक उजळायला द्याल तेव्हा मशीनवर घासणार का, हे आधी विचारा. ठसा एकदा गेला की गेला.

आता ठेवायचं कसं. रबरबँडमध्ये गंधक असतो. चांदीच्या चमच्यांना तो गुंडाळून ठेवला, तर काही महिन्यांनी अशी काळी रेघ उमटते. लोकरीतही गंधक आहे. त्यामुळे भांडी पूर्ण कोरडी करून मलमलीत गुंडाळायची आणि हवाबंद पिशवीत ठेवायची. सोबत खडूचा तुकडा टाकला तर थोडा दमटपणा शोषला जातो. 925 च्या चांदीत 7.5 टक्के दुसरा धातू असतो, बहुधा तांबं, आणि तेही काळवंडतं. म्हणून तिला जास्तच जपायचं.

रोजच्या पूजेतली चांदीची पळी सहसा काळी पडत नाही. रोज धुता-पुसताना थर साचायच्या आतच निघतो. पिशवी लागते ती वर्षभर कपाटात राहून गौरी-गणपतीला बाहेर निघणाऱ्या करंड्यांना, अत्तरदाणीला आणि गुलाबदाणीला.