अपक्ष, पण पक्षाच्या दारात

आपल्याकडे अपक्ष म्हटलं की तिकीट कापलेला बंडखोर आठवतो. निकाल लागला की स्वारी स्वगृही! अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे सेनेटर बर्नी सँडर्स तसले अपक्ष नव्हेत. १९८१ साली ते तिथल्या बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले ते १० मतांनी, आणि तेही डेमोक्रॅटिक महापौराला पाडून. २००६ मध्ये सेनेटसाठी त्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिंकली, मग ती उमेदवारी नाकारली आणि अपक्ष म्हणूनच निवडून आले. असा माणूस २०१५ मध्ये त्याच पक्षाकडे अध्यक्षपदाची उमेदवारी मागायला गेला. जावं का त्यानं?

माझं मत, जावंच. बाहेरून लढलेल्यांचं काय झालं ते बघा. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मतं पडली, पण अध्यक्ष ज्यावर ठरतो ते राज्यवार मिळणारं इलेक्टोरल मत मात्र एकही नाही. २००० मध्ये राल्फ नेडर यांनी फ्लोरिडात ९७ हजारांवर मतं घेतली आणि रिपब्लिकन जॉर्ज बुश तिथं डेमोक्रॅट उमेदवारावर अवघ्या ५३७ मतांनी जिंकले. नेडर यांना त्याचे टोमणे अजून ऐकावे लागतात. उलट सँडर्स प्रायमरीत उतरले, तर त्यांना १ कोटी ३० लाखांहून अधिक मतं मिळाली, आणि टीव्हीवर प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याशी समोरासमोर वादही घालता आला.

पण दुसऱ्याच्या घरी जेवायला बसायचं तर पंगतीचे नियम त्या घरचे. न्यूयॉर्कची प्रायमरी एप्रिल २०१६ मध्ये होती. पक्ष बदलून तिथं मत द्यायचं असेल तर आदल्या ऑक्टोबरातच अर्ज भरायला हवा होता. सँडर्सचे कित्येक चाहते त्यांच्यासारखेच बिनपक्षाचे, ते बाहेरच राहिले. मुदत फारच आधीची होती, हे मान्य. पण पक्षाचा उमेदवार पक्षाच्या सदस्यांनी निवडावा, यात मला तरी गैर वाटत नाही. सुपरडेलिगेट्सचं, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनात पदामुळेच मत मिळणाऱ्या नेत्यांचं, तसं नाही. पक्षातली वजनदार मंडळी मतदारांनी कौल देण्याआधीच एका बाजूला उभी राहायची, हा शुद्ध अन्याय होता. २०१८ मध्ये पक्षानं पहिल्या फेरीतलं त्यांचं मत काढून घेतलं, ते सँडर्स आत शिरले होते म्हणूनच.

आत गेल्याची किंमतही असते. जुलै २०१६, पक्षाचं फिलाडेल्फियाचं अधिवेशन. मतदानासाठी राज्यांची नावं पुकारली जात होती. परदेशस्थ डेमोक्रॅट्सच्या वतीनं सँडर्स यांचे इंग्लंडात राहणारे थोरले भाऊ लॅरी उठले, आईवडिलांची आठवण काढली आणि रडत रडत धाकट्याला मत दिलं. व्हरमाँटनं आपली पाळी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती आली तेव्हा सँडर्स यांनी स्वतःच माइक घेऊन क्लिंटन यांना उमेदवार घोषित करावं असा ठराव मांडला. सभागृहात त्यांचे समर्थक रडत होते, काही उठून निघून गेले.

२०१९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. आता पक्षानं नियमच केला होता, 'मी डेमोक्रॅट आहे' असं लिहून द्या. सँडर्स यांनी सही केली. त्याच सुमारास २०२४ च्या सेनेट निवडणुकीसाठीही त्यांचा कागद दाखल झाला होता. त्यावर लिहिलं होतं, अपक्ष.