रस्ता दिसेपर्यंत : पोर्तुगीज नाताळची ब्रोआ

मित्रहो, ‘नाताळ’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि तो इतका आपला झाला, की आता त्याचे मूळ कुणी विचारतही नाही. मात्र त्या सणाला पोर्तुगालमधल्या घरांत जी बिस्किटे भाजली जातात, त्यांची नावेसुद्धा आपल्याकडे फारशी ऐकू येत नाहीत. आज त्यांपैकी एकाच कुळाबद्दल बोलणार आहे. त्या कुळाचे नाव ब्रोआ.

ब्रोआ म्हणजे मुळात उत्तर पोर्तुगालची जाड सालीची, मक्याच्या पिठाची घट्ट, गोल पावाची लादी. मका अमेरिकेतून आला, उत्तरेकडच्या मिन्यो प्रांताच्या ओलसर डोंगराळ भागात रुजला आणि गरिबाच्या रोजच्या पावात गेला. पुढे त्याच नावाने लहान, गोड, मुठीत मावणारी बिस्किटे ओळखली जाऊ लागली. 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, अनेक गावांतली मुले पिशव्या घेऊन दारोदार फिरतात आणि त्यांच्या पिशवीत सुक्या मेव्याबरोबर ब्रोआ पडतात. तिथपासून नाताळपर्यंत हा हंगाम चालतो. कुठे मध, ऑलिव्ह तेल, दालचिनी आणि अक्रोड घालतात, कुठे बडीशेपेसारख्या वासाचे बी. घराघरांत प्रमाण बदलते, पण दालचिनी सहसा सुटत नाही.

घरी पहिल्यांदा करणाऱ्याने मात्र ‘ब्रोआश कश्तेलारेश’ या प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तिचा पाया रताळे हा आहे. इथे शब्दाची एक गंमत सांगण्यासारखी आहे: पोर्तुगीजांत रताळ्याला ‘बताता-दोस’, म्हणजे गोड बटाटा, म्हणतात. आपण ‘बटाटा’ त्यांच्याकडूनच उचलला. पण मुळात हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि तो रताळ्याचाच होता. म्हणजे बटाट्याने रताळ्याचे नाव घेतले आणि रताळ्याला मागे विशेषण लावून घ्यावे लागले.

पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्जेझूरचे रताळे प्रसिद्ध आहे. ते पिवळसर, गोड आणि शिजल्यावर कोरडे राहणारे आहे. आपल्याकडची लाल सालीची रताळी उकडली की पाणी धरतात, आणि या पदार्थाचे सगळे यश पाण्यावरच अवलंबून आहे. माझ्या पहिल्या खेपेच्या ब्रोआ ओव्हनमध्ये धिरड्यांसारख्या पसरल्या, त्याचे कारण हेच होते. म्हणून रताळी उकडू नयेत. वांग्याच्या भरतासारखी सालीसकट भाजावीत, सोलून गरम असतानाच चाळणीवर घासून घ्यावीत. शिरा राहिल्या की बिस्किटाला दोर लागल्यासारखे वाटते.

माझे प्रमाण असे: कुस्करलेले रताळे 500 ग्रॅम, साखर 350 ग्रॅम, बदामाची पूड 125 ग्रॅम, मक्याचे पीठ 100 ग्रॅम, मैदा 100 ग्रॅम, एक अंडे आणि दोन अंड्यांचे पिवळे बलक, संत्र्याच्या सालीचा कीस आणि चमचाभर दालचिनी. वरून फासायला आणखी एक बलक लागेल. मक्याचे पीठ म्हणजे दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून मिळते ती पांढरी पूड नव्हे; ते स्टार्च आहे, आणि त्याने ब्रोआ चिकट होते. पिवळे, किंचित रवाळ पीठ हवे.

रताळे आणि साखर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहावे. पोर्तुगीज स्वयंपाकात या टप्प्याला ‘पोंतु द इश्त्रादा’ म्हणतात, म्हणजे रस्त्याचा पाक: उलथने कढईच्या तळावरून ओढले की मागे एक वाट उमटते आणि क्षणभर मिटत नाही. आपण तारेवर पाक ओळखतो, ते वाटेवर ओळखतात. मिश्रण निववण्यात घाई केली तर अंडे फुटून आत पिवळे ठिपके दिसतात, म्हणून मिश्रण पूर्ण निवल्यावरच बदाम, अंडे आणि शेवटी पिठे घालावीत. ते रात्रभर झाकून ठेवले की पीठ ओल शोषून घेते आणि सकाळी हाताला येते.

आकार होडीचा, दोन्ही टोके निमुळती. हात पिठाने कोरडे ठेवावेत, पाण्याने ओले करू नयेत. वर बलकाचा हात फिरवून 220 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजावे. ओव्हन आधीच नीट तापलेले हवे, कारण वरचा थर लवकर धरला पाहिजे आणि आतला भाग मऊच राहिला पाहिजे. कुरकुरीत झाली तर ती ब्रोआ नव्हे.

अटलांटिक महासागरातल्या मादेइरा या पोर्तुगीज बेटावरची ब्रोआ वेगळी, पण आपल्याला अधिक ओळखीची. पंधराव्या शतकात तिथे उसाची लागवड झाली आणि उसाचा ‘मेल द काना’ घरोघरी आला. नावात मध असले तरी हा पदार्थ आपल्या काकवीच्या जातीचा आहे. तिच्यात मैदा, लोणी, साखर, दालचिनी, लिंबाच्या सालीचा कीस आणि खाण्याचा सोडा असतो. काकवी जरा आंबटसर असल्याने सोडा तिच्याशी लगेच फसफसतो. पीठ मळल्यावर सोडा काम करू लागला, तर गोळे वळून ठेवण्यात वेळ घालवू नये. ओव्हन तापवूनच मग काकवी ओतावी. याच द्रवाचा मोठा केक त्या बेटावर 8 डिसेंबरच्या सुमारास करून ठेवतात, आणि तो सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात.

रताळ्याच्या ब्रोआ डब्यात चारपाच दिवस मऊ राहतात. भाजल्यावर लगेच तळाला चिकटलेल्या वाटल्या तर ओढू नका. पाच मिनिटांनी त्या स्वतःच सुटतात.