कुलधरा: भुताच्या गावातलं पाणी

(दृश्य: ड्रोन, सकाळचं तिरपं ऊन)
जैसलमेरहून सम गावाच्या रस्त्याला लागायचं आणि फाट्यावर वळायचं. अठरा-वीस किलोमीटरवर हे कुलधरा. लांबीला सरळ जाणारे तीन रस्ते, त्यांना छेदणारे अरुंद बोळ, मधोमध देऊळ. पूर्वेला काकणी नदीचं कोरडं पात्र. छतं जवळजवळ कुठेच उरलेली नाहीत.

गोष्ट टॅक्सीवाला गाव यायच्या आतच सांगून संपवतो. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची नजर गावातल्या एका मुलीवर पडली, पालीवाल ब्राह्मणांची चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, आणि जाताना शाप देऊन गेली. सूर्य मावळला की फाटक बंद होतं. आत दिवे नाहीत, भिंतींचे दगड सुटे आहेत. तेवढं कारण पुरे.

(दृश्य: पायऱ्यांची विहीर)
मारवाडातल्या पालीहून आलेल्या पालीवालांनी आधी उधनसर तळं खोदलं, मग घरं बांधली, असं सांगतात. क्रम लक्षात ठेवा.

(दृश्य: बांधावरून चालत जाणारा कॅमेरा)
आणि हे खडीन, म्हणजे पावसाचं पाणी बांधाने अडवून केलेलं शेत. इथे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्याही आतच. तो उघड्या खडकाळ उतारावर पडतो आणि धावत सखल जागी येतो. तिथे उताराला आडवा मातीचा बांध घालायचा, साधारण दीड ते साडेतीन मीटर उंच. एका एकराचं पीक काढायला वरचा दहा-बारा एकर उतार मोकळा ठेवावा लागतो. तिथे घरं बांधली की खालचं शेत गेलं.

बांधाला एका बाजूला दगडी सांडवा, तळाशी मोरी. सांडवा नसला तर पहिल्याच जोराच्या सरीत पाणी बांधावरून उलटतं आणि माती घेऊन जातं. मोरी बुजली तर पाणी साचून राहतं, आटतं, आणि खार मागे ठेवतं. हळूहळू जमीन पांढरी पडते.

(दृश्य: क्लोजअप, भेगाळलेला गाळ, बोटाने उचललेला पापुद्रा)
पावसाळा सरला की पाणी जमिनीत मुरलेलं असतं. वरचा थर असा पापुद्र्यासारखा सुटतो, खाली बोटभर खोल माती अजून ओली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गहू आणि हरभरा पेरायचा. नंतर पाण्याची एक पाळीही द्यायची नाही. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणली की मुरलेलं पाणी तिथे लागतं.

मग गाव उठलं कशामुळे? राजस्थानचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी कर्नल टॉड याने सालिमसिंहाच्या पिळवणुकीमुळे पालीवाल बाहेर पडत असल्याचं लिहिलं आहे. विहिरी आटल्याच्याही नोंदी आहेत. पडलेल्या छपरांवरून भूकंपाचा तर्कही काही भूवैज्ञानिकांनी मांडला आहे. लोक मात्र गेले.

(दृश्य: जवळचा खाभा किल्ला)
यायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी. नेमाची बस नाही, जीप ठरवतानाच 'खाभासकट' म्हणून ठरवा. नाहीतर चालक अर्ध्या तासात हॉर्न वाजवतो. पाणी सोबत घ्या, भिंतींवर चढू नका. खाभ्याच्या तटावरून खालचं ओसाड गाव एका नजरेत दिसतं. किल्ल्यातलं दगडांचं प्रदर्शन नंतर बघा, आधी तटावर जा.

जैसलमेर जिल्ह्यात अजूनही खडिनं पेरली जातात. वाटेत बांध लागला तर त्यावर जीप चढवू देऊ नका. चाकांच्या चाकोरीतून पाणी धावतं, आणि बांध तिथूनच फुटतो.