तोबऱ्यातलं भोक

(सोलापुरात वरातीचे आणि हौसेचे घोडे पाळणाऱ्यांपुढे एका पशुवैद्यकानं मृगाच्या तोंडावर केलेलं भाषण. बोलण्यातला सैलपणा थोडा आवरून.)

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. घोडेवाल्यांना मागे उभं राहू नका म्हणून सांगायची वेळ येऊ नये.

मला विषय दिलाय तो असा: घोड्याच्या कातडीला संसर्ग होऊ नये म्हणून चंदीतून, म्हणजे खुराकातून, काय द्यावं. आत येताना दोघांनी मोबाइलवर पावडरच्या डब्यांचे फोटो दाखवले. "डॉक्टर, यातला कुठला चांगला?" सांगतो, पण आधी एक ट्रंक उघडू.

गेल्या लग्नसराईत एका चाचांकडे गेलो होतो. वरातीची पांढरी घोडी, देखणी. पाठीवर आणि पुठ्ठ्यावर खपल्या. एक खपली बोटानं उचलली तर केसांचा झुपका मुळासकट हातात आला, रंगाऱ्याच्या कुंचल्यासारखा, आणि खाली ओली, गुलाबी कातडी. डर्मॅटोफिलस नावाच्या जिवाणूची ही ओळखीची खूण. चाचा म्हणाले, "महागातली पावडर चालू आहे की तीन महिने!" मी म्हटलं, झूल दाखवा. पत्र्याची ट्रंक उघडली. मखमलीची, जरीकामाची झूल नीट घडी घालून ठेवलेली. घडीत हात घातला तर दमट. आंबलेल्या घामाचा वास. आणि हीच झूल आज या घोडीवर, उद्या दुसरीवर.

आता तुम्हीच सांगा, पावडर तोबऱ्यात घालायची की ट्रंकेत?

हा जिवाणू कोरड्या, धड कातडीत सहसा शिरत नाही. त्याला ओल लागते आणि कुठेतरी खरचटलेलं लागतं. नायट्याची बुरशी तर झुलीत, खराऱ्यात, तंगाच्या म्हणजे पोटाखालच्या पट्ट्यात महिनोन्महिने जिवंत राहते. चंदीतून दिलेली कुठलीही पावडर तिथे पोचत नाही. खाण्यानं फक्त कातडीची भिंत भक्कम होते. भिंत भक्कम असली तर चोराला वेळ लागतो, पण दारच उघडं टाकलं तर भिंतीचा काय उपयोग?

मग पावडरनं गुण येतो असं इतके जण शपथेवर का सांगतात? कारण निरोगी घोड्याचा नायटा बऱ्याचदा एक ते तीन महिन्यांत आपला आपण बरा होतो. डर्मॅटोफिलसच्या पावसाळी खपल्यासुद्धा ऊन पडून पाठ कोरडी झाली की गळतात. डबा दोन महिन्यांचा असतो. डबा संपतो, नायटा जातो, आणि श्रेय डब्याला मिळतं. दुकानदार खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्यालाही तसंच वाटत असतं.

तरीही चंदीबद्दल बोलायचंच आहे, कारण आपल्या तोबऱ्याला भोक आहे. आपल्याकडे घोडं काय खातं? ज्वारीचा कडबा, हरभरा, गव्हाचा भुसा म्हणजे कोंडा, वर गुळाचा खडा. कडबा आपला सोन्यासारखा, मालदांडी ज्वारीचा असेल तर विचारूच नका. पण गंजीला सहा-आठ महिने काढलेल्या कडब्यातलं कॅरोटीन उडून जातं. त्याच कॅरोटीनपासून घोडं अ जीवनसत्त्व बनवतं. यकृतातला साठा काही महिने पुरतो आणि नेमका उन्हाळ्याच्या शेवटी आटत येतो. म्हणजे पाऊस दारात आणि कातडी रखरखीत. ई जीवनसत्त्वाचीही तीच गत. यावर डबा लागत नाही, लसूणघास म्हणजे ल्यूसर्नचा हिरवा चारा लागतो. रोज पेंढीभर, कडब्यात मिसळून, हळूहळू वाढवत.

घासाऐवजी हिरवं कडवळ घालू नका. कोवळ्या ज्वारीचं किराळ, म्हणजे तिच्यातलं विष, गायीम्हशींना लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण हिरव्या ज्वारीवर ठेवलेल्या घोड्याचं मूत्राशय लुळं पडतं आणि मागचे पाय लटपटतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. वाळलेल्या कडब्याला तो धोका नाही.

दुसरं भोक जस्ताचं. कातडीची पेशी नवी व्हायला जस्त लागतं, तांबंही लागतं. हिशोब सोपा आहे. आपलं 300 किलोचं घोडं दिवसाला साधारण 6 किलो कोरडं खातं. दर किलोमागे 40 मिलिग्रॅम जस्त लागतं, म्हणजे 240. तांबं किलोला 10, म्हणजे 60. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त आधीच कमी, त्यात भुसा भरपूर. भुशातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं, आणि भुशात स्फुरद इतकं जास्त की हाडातला चुना निघायला लागतो. जबडा फुगलेलं घोडं पाहिलंय ना कुणी? तेच ते. म्हणून भुसा ओंजळभर ठीक, टोपलीभर नाही. आता तुमचा डबा उलटा करून मागचं वाचा. एका डब्यावर दिवसाच्या मात्रेत जस्त 30 मिलिग्रॅम होतं. गरज 240 ची. पुढच्या बाजूला मात्र उधळणाऱ्या घोड्याचं चित्र झकास होतं.

तिसरं, जवस. आपल्या घरी चटणीला असतंच. त्यात ओमेगा-3 जातीची चरबी भरपूर. कॅनडात 6 घोड्यांना 42 दिवस दळलेलं जवस देऊन पाहिलं होतं, 2002 साली तो अभ्यास छापून आला. चिलटं चावून ज्यांना भयंकर खाज सुटते असे ते घोडे. चाचणीत त्यांच्या कातडीवरची सूज कमी आली. घोडे 6च होते, आणि त्याआधी जवसाच्या तेलावर झालेल्या एका चाचणीत ठोस फरक दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. शिवाय ही खाज म्हणजे संसर्ग नव्हे. पण खाजवून खाजवून घोडं खांबाला शेपूट घासतं, कातडी फाटते आणि जंतू आत शिरतात. म्हणून मी जवस देतो. मूठभरापासून सुरुवात करायची. कच्चं जवस थंड पाण्यात भिजत ठेवायचं नाही, त्यातून सायनाइड सुटतं. उकळत्या पाण्यात टाकून शिजवा, नाहीतर कोरडं दळून लगेच द्या. करडईचं तेल दिलं तर? अंग चमकेल, कुठल्याही तेलानं चमकतं. चमक वेगळी आणि चिवटपणा वेगळा.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका मालकाला दोन वेगवेगळ्या पावडरी एकदम लिहून दिल्या, एक केसांची, एक ताकदीची. दोन्हींत सेलेनियम होतं आणि मी बेरीज केली नाही. घोड्याला दिवसाला एखाद मिलिग्रॅम पुरतं. दोन महिन्यांत त्या घोड्याची आयाळ विरळ झाली, खुरांवर आडव्या भेगा आल्या. केसांसाठी दिलेल्या औषधानं केस गेले. मालक काही बोलला नाही, मला तेच जास्त लागलं.

आणि कोंबडीचं किंवा गायीचं तयार खाद्य घोड्याला कधीही, अगदी मूठभरही नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते मानवतं, घोड्याच्या हृदयाचा स्नायू त्यानं मरतो. लसूण पोटात दिली की माशा बसत नाहीत, याला आधार नाही, आणि जास्त लसणीनं रक्ताच्या पेशी फुटून घोडं पांढरं पडतं.

एक गोष्ट मात्र खाण्यापिण्याच्या बाहेरची. पायावर ओळीनं गाठी आल्या, फुटून मधासारखा चिकट पू यायला लागला, तर खाज-नायटा समजून हात लावू नका. ते ग्लँडर्स असू शकतं. माणसालाही होतं, कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. सरकारी दवाखान्याला सांगा, रक्ताची तपासणी हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात होते.

विचारा आता. हां, तू बोल.

"डॉक्टर, झूल धुतली तर जरतार काळी पडते की ओ. नवरदेवाकडचे काळी झूल घेत नाहीत."

बरोबर आहे तुझं. झूल धुऊच नकोस, उन्हात उलटी टाक, घडी कोरडी झाल्याशिवाय घालू नकोस. आणि झुलीच्या खाली अस्तर टाक. घरात जुनी सोलापुरी चादर असेलच, तिचे दोन तुकडे कर. एका घोडीला एक, अदलाबदल नाही. वरात आटोपली की उकळत्या पाण्यात टाकून वाळवायची. घाम चादर पिते, जरतार वाचते. नवरदेवही वाचतो, कारण नायटा घोडीवरून माणसावर येतो आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मांडी खाजवणारा जावई कुणाला हवाय?

"आणि चादरी ओळखायच्या कशा?"

दोन रंगांच्या घे. खरारेही दोन घे, आणि त्याच रंगाची दोरी बांध त्यांना.