चौकटीच्या कडा

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्यात तलावपाळीवर संध्याकाळी गेलात, तर दर दहा पावलांवर कुणीतरी कुणाचा तरी फोटो काढत असतं. मीही तिथे आईचा एक फोटो काढला होता. आई मनापासून हसतेय, मागे मासुंदा तलावाचं पाणी, आणि तिच्या डोक्यातून सरळ वर उगवलेला दिव्याचा खांब! काढताना मला तो दिसलाच नव्हता. एक पाऊल डावीकडे सरकलो असतो तर खांब बाजूला गेला असता. तो फोटो आता पुन्हा काढता येणार नाही, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

आपल्या डोळ्यांना हवं तेवढंच दिसतं. कॅमेरा समोरचं सगळं टिपतो, तेही सपाट करून. मग दहा फूट मागचा खांब डोक्याला चिकटतो. म्हणून बटण दाबण्याआधी चेहऱ्यावरची नजर काढा आणि चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. अर्धा कापला गेलेला हात, कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी लगेच दिसेल.

फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिड असतं, ते चालू करा. आडव्या-उभ्या रेघा जिथे छेदतात, तिथे माणूस ठेवून बघा. मला मात्र त्याचा जास्त उपयोग होतो तो पाण्याची रेघ सरळ ठेवायला. कलंडलेला तलाव फार खुपतो.

आता नवी मुंबईत, नेरूळच्या पाणथळीवर चला. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, पण पक्ष्यांना हद्द कुठली ठाऊक! भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की थवे इकडे येतात, तेव्हा भरतीची वेळ बघूनच निघा. बहुतेकांच्या फोटोत वर निम्मं आकाश, खाली निम्मं पाणी आणि मधे एक गुलाबी रेघ असते. झूम ताणू नका, पक्ष्यांचे नुसते ठिपके होतात. त्यापेक्षा काठावर उकिडवे बसा, फोन गुडघ्याइतका खाली आणा. पाण्यातली प्रतिबिंबं ठळक होतात. आकाश पांढरट असेल तर त्याची जेमतेम पट्टी ठेवा, बाकी जागा पाण्याला द्या. थवा उडाला, तर तो ज्या दिशेने निघालाय तिकडे मोकळी जागा सोडा.

आणि मागचे टॉवर टाळायला धडपडू नका. आफ्रिकेतल्या तळ्याकाठी नाही, आपल्या सोसायट्यांच्या मागे हे पक्षी उतरलेत, ते फोटोत दिसू द्या.