वाळू पातळ झाली तर पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घातलेला खांब, कशाच्या जिवावर उभा?

नमस्कार मंडळी. ही बादली बघा. गोदावरीच्या पात्रातली सैल वाळू आहे, पाणी वाळूच्या बोटभर खाली. वर वीट उभी केली. आता बादलीला बाहेरून हातोडीनं ठोकतो... दिसलं? वर पाणी चकाकलं, वीट कलली, आणि गेली आत.

वाळूचे कण एकमेकांवर टेकून वजन पेलतात. हादरे बसले की ते दाटीनं खाली बसू बघतात, पण मधल्या पाण्याला निसटायला वेळच मिळत नाही. मग वजन पाण्यावर येतं, कणांची पकड सुटते. यालाच द्रवीकरण म्हणतात, साइटवर लिक्विफॅक्शन.

आपल्याकडं भूकंप म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी. तिथं माणसं दबली ती दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली. आपली काळी माती चिकण, ती फुगते, भेगाळते, पण अशी पातळ होत नाही. नदीकाठी पाण्याखालच्या सैल वाळूत पूल किंवा जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) बांधताना मात्र हा प्रश्न विचारायलाच हवा.

‘पाइल खोल घातले की झालं ना?’ नाही. २००१ च्या भुज भूकंपात कांडला बंदरातली २२ मीटर उंच इमारत ३२ पाइलवर उभी होती, प्रत्येक पाइल १८ मीटरचा. इमारत पडली नाही, पण कलली. पाइल वरच्या चिकणमातीतून जाऊन खालच्या वाळूतच थांबले होते.

आता ही फूटपट्टी. उभी धरून वरून दाबतो, लगेच धनुष्यासारखी वाकते. मधोमध चिमटीत धरा आणि दाबा. आता वाकवायला सुमारे चौपट जोर लागतो. पाइलला ही चिमूट माती देते. वाळू पातळ झाली की चिमूट सुटते, आणि वरचं सगळं वजन तसंच डोक्यावर! म्हणून तेवढ्या लांबीत पाइल हा उघड्यावरचा बारीक खांब समजूनच डिझाइन करायला हवा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं.

त्यात नदीकाठ पात्राकडं सरकला तर वरचा टणक थर पाइलला आडवा ढकलतो. पातळ आणि टणक थर जिथं भेटतात, तिथं पाइल तुटायची भीती जास्त. तिथं सळई कमी करू नका, रिंगा दाट ठेवा.

माती तपासायला बोअर घेताना एसपीटी, म्हणजे नळी ठोकून जमीन किती घट्ट आहे ते बघायची चाचणी, करून घ्या. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो, नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. पाण्याखालच्या वाळूत ठोके कमी आले तर सावध व्हा. आपल्याकडं खाली काळा खडक असतो हे नशीब. पण ‘खडक लागला’ म्हटल्यावर विचारा, खडकात किती आत गेलो?

बोलता बोलता बादलीतली वाळू खाली बसली, वर पाणी उभं राहिलं. अशी बसणारी वाळू पाइललाही सोबत खाली ओढते. आणि ही वीट... ओढतोय, निघत नाहीये.